आधी पेपर, मग पक्ष

जानेवारी १९६७ मध्ये गोव्यातल्या मतदारापुढे दोनच चित्रे होती. एक फूल आणि दोन पाने. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश. मतदान १६ तारखेला होते. आमचा डिचोली तालुका आणि पलीकडचा पेडणे हे फुलाचे गड. आमच्या शिरगावात देवळातली पोथी मराठी, शाळेतले मास्तर शिकवीत ते मराठी, पसरकाराच्या वहीतली उधारी मराठी. पेपर वाचायचा तर तोही मराठीच. पण त्या मराठी पेपरांतला एक पेपर रोज सकाळी, उत्तम मराठीत, सांगत होता की फुलावर शिक्का मारू नका.

तो पेपर म्हणजे मडगावचा ‘राष्ट्रमत’. त्याच्यासमोर उभा होता पणजीचा ‘गोमन्तक’, विलीनीकरणाचा आणि मराठीचा खंदा पुरस्कर्ता. दोघांची लिपी एक, भाषा एक, वाचकही बऱ्याच अंशी एकच. बाजू मात्र समोरासमोरच्या, आणि कोणीही ती लपवीत नव्हते. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ नावाचे सदर लिहीत. सदराच्या नावावरूनच कळते की हे बातमी देण्याचे काम नव्हते, लढण्याचे होते.

आज असे काही म्हटले की वाचकाच्या कपाळाला आठी पडते. पेपर निःपक्षपाती असावा हे आपण शाळेपासून ऐकलेले असते. मला मात्र इतिहास वाचताना वेगळीच गोष्ट दिसत गेली. ज्या ज्या समाजात राजकारण नव्याने सुरू झाले, तिथे पक्षाने पेपर काढला असे क्वचितच घडले. आधी पेपर निघाला, आणि त्या पेपरभोवती पक्ष जमला. गोव्यात हे एकदा नव्हे, दोनदा घडले. आणि ते नीट समजून घ्यायला अमेरिकेच्या जन्मकाळाची गोष्ट फार उपयोगी पडते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. घटना लिहिणाऱ्यांना पक्ष म्हणजे दुफळी, आणि दुफळी म्हणजे नव्या देशाचा घात, असे वाटे. पण पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्याच मंत्रिमंडळात दोन माणसे होती, ज्यांचे कशावरच जमत नसे. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला बळकट मध्यवर्ती सरकार, राष्ट्रीय बँक आणि व्यापार हवा होता. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन याचा भरवसा शेतकऱ्यावर आणि राज्यांच्या अधिकारांवर. मंत्रिमंडळात भांडून भागेना, तेव्हा भांडण छापखान्यात गेले.

जॉन फेनो नावाच्या माणसाने १७८९ मध्ये ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ सुरू केले होते. ते हॅमिल्टनच्या बाजूचे, आणि अर्थखात्याचे छपाईचे काम त्याला मिळे. यावर उतारा म्हणून जेफरसनने फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली, वर्षाला २५० डॉलर पगाराची. काम थोडे, वेळ भरपूर. ऑक्टोबर १७९१ मध्ये फ्रेनोचे ‘नॅशनल गॅझेट’ फिलाडेल्फियात निघाले आणि सरकारच्या नोकराने सरकारवरच तोफ डागायला सुरुवात केली. फ्रेनो आपल्या पेपरच्या तीन तीन प्रती वॉशिंग्टनच्या घरी पाठवी. वॉशिंग्टन संतापून जेफरसनशी बोलला. जेफरसनने फ्रेनोला काढले नाही.

या वेळी जेफरसनचा ‘रिपब्लिकन’ पक्ष नीट उभाही राहिला नव्हता. त्याला कचेरी नव्हती, सभासद नव्हते, जाहीरनामा नव्हता. होता तो एक पेपर. गावोगावच्या छापखानेवाल्यांनी तो पेपर वाचला, त्यातले मजकूर उचलून आपल्या पेपरात छापले आणि आपण एका बाजूचे आहोत हे त्यांना उमगत गेले. निवडणूक आली की हेच पेपर आपल्या बाजूच्या उमेदवारांची यादी छापत. मतदाराच्या लेखी पक्ष म्हणजे ती यादी आणि ती छापणारा पेपर.

या सगळ्यामागे टपालखात्याचा एक कायदा होता, ज्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लक्ष जात नाही. १७९२ च्या त्या कायद्याने पेपर शंभर मैलांपर्यंत एका सेंटमध्ये आणि त्यापलीकडे दीड सेंटमध्ये जाऊ लागला. साध्या पत्राला मात्र अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट पडत. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या खिशातून पेपर वाचणाऱ्याची सोय केली गेली. शिवाय एका छापखानेवाल्याने दुसऱ्याला आपला अंक पाठवला तर टपाल फुकट. बातमीदार नेमायची ऐपत कोणाकडे नव्हती. पण दूरच्या गावातला अंक फुकट येई, आणि त्यातून कापून आपला अंक भरता येई. एक प्रत तावेर्नात येई आणि दहा जण ती ऐकत. गोव्यात आपण ज्याला तावेर्न म्हणतो, तोच हा शब्द, तीच ती जागा: बाकडे, पेला आणि वाद. १७९० मध्ये त्या देशात शंभराच्या आत पेपर होते, दहा वर्षांत ते दोनशेच्या वर गेले, आणि त्यांतले बहुतेक कोणत्या ना कोणत्या बाजूचे होते. पक्षाच्या पेपरांच्या परंपरेची खूण आजही तिथल्या काही नावांत उरली आहे. फ्लोरिडाच्या राजधानीतला पेपर अजूनही ‘टॅलहॅसी डेमोक्रॅट’ या नावाने निघतो.

आता इकडे येऊ.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र आपण सांगत नाही. १७५४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने गोव्यात छपाईलाच बंदी घातली. ती बंदी उठायला पोर्तुगालात उदारमतवाद्यांची क्रांती व्हावी लागली. डिसेंबर १८२१ मध्ये ‘गाझेत द गोवा’ हे सरकारी पत्र निघाले आणि १८२६ मध्ये तेही बंद पडले. १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा हा पहिला गोमंतकीय माणूस गोव्याचा प्रमुख झाला. जेमतेम सतरा दिवसांत लष्कराने त्याला पदावरून उतरवले. तो आणि त्याचे लोक मुंबईकडे गेले, आणि मुंबईत पोर्तुगीज भाषेतली वृत्तपत्रे निघू लागली. इंग्रजांच्या मुलखात छापायचे आणि गोव्यात वाचायचे, ही वाट तेव्हा पडली. सव्वाशे वर्षे ती वाट पुन्हा पुन्हा तुडवली गेली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे ‘फ्री गोवा’ १९५३ मध्ये निघाले, तेही मुंबईतूनच.

गोव्याच्या मातीत खाजगी वृत्तपत्र उभे राहिले ते १८५९ मध्ये. मडगावच्या बेर्नार्दो फ्रान्सिश्कु द कॉश्ता यांनी ‘ओ उल्त्रामार’ सुरू केले. कॉश्ता हे लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी राहिलेले, घराणे मोठे, सासष्टी तालुक्यात दबदबा. दोन वर्षांनी, १८६१ मध्ये, सासष्टीतल्याच ओर्लीहून मानुएल लॉरेन्सु द मिरांडा फ्रांको यांनी ‘आ इंदिया पोर्तुगेझा’ काढले. एकाच्या मागे ख्रिस्ती ब्राह्मण घराणी, दुसऱ्याच्या मागे चाड्डी, म्हणजे ख्रिस्ती क्षत्रिय, घराणी. मग या पेपरांभोवती जे गट जमले त्यांची नावे पाहा. एक ‘उल्त्रामारीनु’ पक्ष, दुसरा ‘इंदियानु’ पक्ष. ‘इंदियानु’ची स्थापना १८६५ ची, म्हणजे पेपरनंतर चार वर्षांनी. पेपरच्या नावावरून पक्षाचे बारसे झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अमेरिकेतही सापडलेले नाही. तिथे पेपरने पक्षाला आवाज दिला. इथे पेपरने पक्षाला नावही दिले.

हे दोन पेपर लिस्बनला कोण जाईल, नगरपालिका कोणाच्या हाती येईल, गव्हर्नर कोणाच्या कानी लागतो, यावर आठवड्यामागून आठवडे भांडले. मताधिकार मोजक्यांना होता. तरीही ज्यांना मत नव्हते त्यांनाही कोणत्या घराण्याकडे कोणता अंक जातो हे माहीत असे. भांडण कायम शब्दांचेच राहिले असते तर बरे झाले असते. २१ सप्टेंबर १८९० रोजी नगरपालिकेच्या निवडणुकीवरून मडगावात तंटा पेटला आणि चर्चच्या परिसरात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसे मेली. त्या दिवसावर रचलेला मांडो सासष्टीत आजही गायला जातो. पक्षाच्या पेपरांची बाजू घेऊन लिहिताना मला हा दिवस वगळता येत नाही. रोज छापलेला द्वेष माणसाच्या मनात साचतो, आणि हातात सत्ता व बंदूक असलेला कोणी तरी त्याची वाट पाहत असतो.

पण मडगाव म्हणजे आमचा गाव नव्हे. डिचोली, सत्तरी, पेडणे हे पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले मुलूख, ‘नव्या काबिजाती’. इथल्या शेतकऱ्याला पोर्तुगीज येत नव्हते. ‘उल्त्रामार’ आणि ‘इंदिया पोर्तुगेझा’ यांची तीस वर्षांची लढाई शिरगावच्या वाचकाला दुसऱ्याच देशातली वाटावी इतकी दूर होती. मराठीत काही तरी निघावे यासाठी हिंदू समाजातून प्रयत्न होत होते. आत्माराम पुरुषोत्तम सुखटणकर यांचे ‘देशसुधारणेच्छु’ १८७७ चे, मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतले. विसाव्या शतकाच्या आरंभी फोंड्याहून ‘प्राचीप्रभा’ निघाले. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व मिळाले, आणि त्या मोकळ्या हवेत १९१२ मध्ये केप्याहून गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ काढले. गोव्यात राहून, पोर्तुगीज राज्यात, पेपरचे नाव ‘भारत’ ठेवायचे, यात त्यांची भूमिका पहिल्या पानाच्या वरच्या ओळीतच सांगून झाली होती. पुढचा मजकूर ती सिद्ध करण्यासाठी. खटले अंगावर घेत त्यांनी तो पेपर चालवला.

पोर्तुगीज लेखनात याच धाडसाचा माणूस म्हणजे लुईश द मिनेझिश ब्रागांझा. १९०० मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातले पहिले दैनिक सुरू झाले, त्यात त्यांचा हात होता. १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढले आणि १९२८ मध्ये ‘प्रकाश’. १९३० मध्ये, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या ‘वसाहत कायद्या’ला विरोध करणारा, गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव त्यांनी विधानमंडळात मांडला. पुढे ‘प्रकाश’ बंद पाडण्यात आला.

यानंतरची वर्षे मला या साऱ्या कथेचा मध्य वाटतात, जरी त्यांत सांगण्यासारखे पेपर फार थोडे आहेत. अमेरिकेतही अशी वेळ आली होती. जुलै १७९८ मध्ये तिथल्या सरकारने राजद्रोहाचा कायदा केला. सरकारची बदनामी करणारे लिहिले की तुरुंग. विरोधी बाजूचे संपादक पकडले गेले. व्हरमाँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन याला चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. तो तुरुंगातूनच निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. १८०० मध्ये जेफरसन जिंकला, मार्च १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही. अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ, एवढेच.

गोव्यात तो काळ पस्तीस वर्षांचा होता. १९२६ मध्ये लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग सालाझार आला, आणि छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरचा शिक्का लागू लागला. लग्नपत्रिकेलाही मंजुरी लागे. पेपर निघत होते, पण भांडत नव्हते. आज आपण पक्षाच्या पेपराला नावे ठेवतो. पस्तीस वर्षे ज्यांनी कोणाचीच बाजू न घेणारे पेपर वाचले, त्यांना विचारावे की तो निःपक्षपातीपणा होता का. तिथे एकच बाजू उरली होती, म्हणून बाजू दिसत नव्हती. दुसरा पेपर नसला की पहिल्याचे खोटे पकडायला कोणी उरत नाही. माझ्या मते धोका पेपरच्या पक्षात नसतो, त्याला उत्तर देणारा पेपर नसण्यात असतो.

म्हणून १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर जे घडले त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. मुक्तीनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ रोजी, पणजीत ‘गोमन्तक’चा पहिला अंक निघाला. मालक चौगुले, संपादक बा. द. सातोस्कर. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) निघाला १९६३ मध्ये, आणि त्याच्या विरोधातला युनायटेड गोवन्स पक्षही (युगो) त्याच वर्षी. म्हणजे विलीनीकरणाचा पक्ष निघण्याआधी वर्षभर विलीनीकरणाचा विचार मांडणारा पेपर गोव्यात रोज सकाळी पोचत होता. मग १९६३ मध्येच ‘राष्ट्रमत’ आला. डिसेंबर १९६३ ची निवडणूक झाली, मगोला चौदा जागा मिळाल्या, युगोला बारा, आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ओर्ली आणि मडगावला शंभर वर्षांपूर्वी जे घडले तेच पुन्हा घडले, फक्त या वेळी सगळ्या प्रौढांना मत होते आणि भांडणाची भाषा मराठी होती. या वेळी शिरगाव त्या भांडणाच्या आत होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठीच, आणि गोव्याच्या प्रश्नावरही तो विलीनीकरणाच्या बाजूने गर्जत होता. फरक एवढाच की ‘मराठा’ला मुंबईत मराठीतून उलट उत्तर देणारा तोडीचा विरोधक मराठी अस्मितेच्या प्रश्नावर सापडणे कठीण होते. गोव्यात तो होता. कोकणीची आणि वेगळ्या गोव्याची बाजू ‘राष्ट्रमत’ने मराठीतून मांडली, कारण ज्यांचे मत फिरवायचे होते ते हिंदू मतदार मराठीच वाचत. चंद्रकांत केणी या पेपरचे संपादक, आणि तेच पुढे कोकणीतले मान्यवर लेखक. ख्रिस्ती वाचकाकडे रोमी कोकणीतून फेलिसिओ कार्दोज यांचे ‘सोत’ जात होते. पण ‘सोत’च्या वाचकाला पटवण्याची गरजच नव्हती. खरी लढाई मराठी वाचणाऱ्या माणसाच्या मनात होती. फूल की पाने, हे तो एकाच भाषेतले दोन पेपर शेजारी ठेवून ठरवत होता. एकात वाचलेला मुद्दा दुसऱ्यात खोडलेला सापडे, आणि दुसऱ्याच्या खोडण्याला पहिल्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी येई. अशी शाळा नंतर आमच्या वाट्याला फारशी आली नाही.

पैशाचा विषय इथे टाळता येत नाही. हॅमिल्टनच्या पेपरला सरकारी छपाईचे काम मिळे, फ्रेनोला सरकारी पगार. पुढे सत्तर वर्षे अमेरिकेतले पक्ष जिंकले की आपल्या पेपरांना सरकारी छपाई देत. १८६० च्या कायद्याने सरकारने स्वतःचा छापखाना काढायचे ठरवले, तेव्हा ही वाट बुजली. गोव्यात पेपरला पैसा आला तो लोखंडाच्या खनिजातून. चौगुल्यांचे ‘गोमन्तक’, धेंपोंची ‘नवप्रभा’ आणि ‘द नवहिंद टाइम्स’, साळगावकरांचे ‘सुनापरान्त’: खाणमालकांची नावे आणि पेपरमालकांची नावे एकच. मुख्यमंत्री बांदोडकर स्वतः खाणमालक. शिरगाव खाणींच्या पट्ट्यात बसलेले गाव. लइराई देवीच्या जत्रेला धोंड, म्हणजे तिचे व्रती भक्त, ज्या वाटांनी येतात, त्याच परिसरातले डोंगर फुटून खनिज बार्जींवरून बंदराकडे गेले. त्यामुळे इथल्या वाचकाला पेपरची एक सवय आपोआप लागली. विलीनीकरण, भाषा, निवडणूक यांवर पेपर काय म्हणतो ते तो उघड वाचे, कारण तिथे बाजू जाहीर होती. खाणीबद्दलची बातमी वाचताना मात्र तो मालकाचे नाव आठवून वाचे. जाहीर पक्षाला प्रश्न विचारता येतो, कारण तो पहिल्या पानावर उभा असतो. मालकीची बाजू अग्रलेखात नाव घेऊन येत नाही, ती वाचकाने स्वतःच ओळखायची.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. आधी डिसेंबरात बांदोडकर सरकारने राजीनामा दिला होता, कौल निर्मळ व्हावा म्हणून. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या तालुक्याने फूल निवडले, गोव्याने पाने. दोन्ही पेपर दुसऱ्या दिवशीही निघाले, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तीत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा जिंकला. ज्या मतदाराने विलीनीकरण नाकारले, त्यानेच विलीनीकरणवाद्यांना राज्य चालवायला दिले. मला यात गोंधळ दिसत नाही. दोन बाजूंचे पेपर वाचणारा माणूस एका प्रश्नावर एकाचे आणि दुसऱ्या प्रश्नावर दुसऱ्याचे ऐकू शकतो, एवढेच दिसते.

‘ब्रह्मास्त्र’ लिहिणारे उदय भेंब्रे १९८४ मध्ये मडगावातून अपक्ष म्हणून विधानसभेत निवडून आले. पुढच्या वर्षी त्यांनी कोकणीला राजभाषा करण्याचे खाजगी विधेयक मांडले. ते फेटाळले गेले आणि गोवा पेटला. मराठीची बाजू ‘गोमन्तक’ने आणि बेळगावच्या ‘तरुण भारत’ने लढवली, कोकणीची ‘राष्ट्रमत’ने. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराची तरतूद राहिली. त्याच वर्षी ‘सुनापरान्त’ हे देवनागरी कोकणीतले दैनिक निघाले. कोकणीने आपला कायदा मिळवला, आणि मग तिला देवनागरीतला आपला पेपर मिळाला. तोवर तिची खरी लढाई मराठी अक्षरांतून, मराठी वाक्यांतून, शिरगावसारख्या गावांतल्या मराठी वाचकासमोर लढली गेली होती.